इस्लापूरची तारीख

दहावीचा शेवटचा पेपर देऊन लुंबिनी घरी आली, दप्तर कोपऱ्यात भिरकावलं आणि चपला काढायच्या आधीच जाहीर केलं, की महामायाआत्याच्या लग्नाची पत्रिका छापायची नाही.

"मग काय दवंडी पिटायची?" बाबा म्हणाले. साहेबराव नांदेडच्या पाटबंधारे खात्यात होते. खात्यात साधा पंखा दुरुस्त करायचा तरी अर्ज तीन प्रतींत लागतो, त्यामुळे कागदाशिवाय जगात काही घडू शकतं यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"वेबपेज! मी करते. एक लिंक पाठवली की झालं."

"आणि ज्यांना लिंक म्हणजे काय ते कळत नाही?"

"बाबा, कोणतं गाव आहे जिथं व्हॉट्सअ‍ॅप नाही?"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "करू द्या की. नाहीतर सुट्टीभर माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटील." असं बहुमतानं ठरलं.

महामाया म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नवरदेव आनंदराज लातूरचा, पण बँकेत नोकरी बीदरला. नांदेडकर आणि लातूरकर दोघांनाही बरं पडावं म्हणून लग्न मधोमध अहमदपूरला ठरलं होतं, तारीख चार मे. मुहूर्त पाहायची त्यांच्याकडे पद्धत नाही. पाहुण्यांना सुट्टी कधी आणि कार्यालय रिकामं कधी, एवढंच पाहायचं. चार मेला रविवार होता, कार्यालय रिकामं होतं. झालं.

लुंबिनीचं पेज मात्र असं झालं म्हणता! वर आभाळाएवढा निळा रंग, मधे बुद्धाची शांत मूर्ती, खाली बोधीची पानं हळूहळू गळतायत. आणि तीन बटणं. मराठी आपल्यासाठी, कन्नड आनंदराजकाकांच्या बीदरच्या सायबांसाठी (ते शब्द त्यांच्याच एका मित्रानं लिहून दिले), आणि इंग्रजी काकांच्या अमेरिकेतल्या, डल्लासच्या चुलतभावासाठी. कॉम्प्युटरच्या सरांनी पेज पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, तू तर इंजिनियरच झालीस." त्यानंतर दोन दिवस लुंबिनी जिना उतरतानासुद्धा इंजिनियरसारखी उतरत होती.

तिला सगळ्यात जास्त अभिमान होता तो तारखेचा. तारखेसाठी तिनं जी आज्ञा वापरली तिचं नाव मालगाडीएवढं लांब, टू-लोकेल-डेट-स्ट्रिंग. पण काम असं की काय सांगावं. तारीख कशी लिहायची ते ती फोनलाच विचारते. फोन ज्या मुलखाचा, तारीख त्या मुलखाच्या पद्धतीनं. लुंबिनीच्या फोनवर मराठी आकड्यांत ४/५ आणि पुढं साल, सोनेरी, हे एवढ्ढे मोठे. वार घातला की सोनेरी ओळ मोडून खाली यायची आणि पार वाटोळं दिसायचं. म्हणून तिनं वार काढून टाकला.

"एका ओळीचं काम, आई. दुनियेतल्या सगळ्या देशांची सोय!"

"आधी ते ताट उचल. घरातल्यांची सोय कर."

लिंक गेली. कौतुकाचे अंगठे आले, फुलं आली, डल्लासहून तर हृदय आलं. आणि मग एका दुपारी इस्लापूरहून फोन आला.

इस्लापूरला किशनकाका आणि त्यांची आई नागुआजी. बाबांची आत्या, पण महामायाची आईच म्हणा. महामाया चार वर्षांची असताना तिची आई वारली. तेव्हा नागुबाईनं तिला कडेवर घेतलं ते थेट सातवीपर्यंत उतरवलं नाही. घरात रेंज येत नाही म्हणून आजी फोन करायला पाण्याच्या टाकीपाशी जायच्या आणि रेंज जायच्या आत बोलणं उरकायचं म्हणून सगळं ओरडून बोलायच्या.

"लुंबे! लगीन कव्हा हाय गं?"

"जयभीम आजी! किशनकाकांना लिंक पाठवली ना. सगळं पेजवर आहे."

"किशन बगंल ते. तू सांग की, जयंतीच्या आधी का मागून?"

लुंबिनी त्या वेळी बोधीच्या पानांचा वेग कमी करण्यात गुंतली होती. पानं फारच पटापटा गळत होती, पानगळ लागल्यासारखी. "आजी, आता असं विचारत बसायची गरजच नाही! पेजवर तारीख आहे, आकड्यात, मोठ्ठी. ती बघा की."

टाकीपाशी वारा सुटल्याचा आवाज आला. "बरं बाई," आजी म्हणाल्या आणि फोन कट झाला.

पुढच्या आठवड्यात आईनं एकदा फोन करून विचारलं, "येताय ना नक्की?" किशनकाका म्हणाले, "हे काय इचारनं झालं? हळद शिजवायची चालू हाय म्हून अगुदर येनं व्हायचं न्हाई. पर लग्नाच्या दिशी थेट हॉलवरच." तारीख कुणीच उच्चारली नाही. तारीख पेजवर होती ना!

आता एप्रिलच्या पाच तारखेची दुपार. बाबांना सुट्टी, आईचा भात चुलीवर, महामायाआत्या ब्लाउजच्या मापासाठी शिंप्याकडून नुकतीच परतलेली. बाबांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला, कारण ते दाढी करत होते.

"साहेबराव, जयभीम! जेवन लई झक्कास झालं बगा. पर तुमी हाव कुठं?"

"घरी," बाबा फेसातून म्हणाले.

"घरी? लगीन सोडून घरी काय करून राहिले?"

"कुणाचं लग्न?"

"अवो, महामायाचं!"

बाबांनी आरशातून महामायाकडं पाहिलं. महामायानं हातातल्या ब्लाउजच्या पिशवीकडं पाहिलं. "किशनराव," बाबा सावकाश म्हणाले, "महामाया हितं माझ्यासमोर उभी आहे."

मग कुणाला तरी सांगितल्यासारखा किशनकाकांचा आवाज आला, "माय, ती नवरी आपली न्हाई म्हनतेत."

आणि मागून नागुआजींचा ठणठणीत आवाज. "ते मला कव्हाच कळलंय!"

संध्याकाळी इस्लापूरकरांची क्रूझर जीप दारात थांबली. तिच्यातून माणसं उतरतच राहिली, जणू खाली तळघर होतं. सगळ्यांचे कपडे लग्नाचे, चेहरे मात्र गोंधळाचे. नागुआजी सगळ्यांत शेवटी उतरल्या. पांढरं शुभ्र लुगडं, डोक्यावर पदर, एक हात कमरेवर. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सगळी कहाणी सांगितली, आणि गावचे लोक मधेमधे भर घालत राहिले.

त्यांना पोचायला उशीर झाला होता. लोह्याच्या पुढं टायर बसलं. कार्यालयाच्या दारावरचा बोर्ड झेंडूच्या माळांनी असा झाकलेला की फक्त "शुभविवाह" दिसत होतं. दारातच एक भारदस्त गृहस्थ हात जोडून उभे. चन्नबसप्पा त्यांचं नाव, उदगीरचे अडत व्यापारी, हे नंतर कळलं. "बर्री, बर्री, या! ऊटा, जेवन झालं का? न्हाई? मग आधी ऊटा, बाकी सगळं मागून!" आणि आपल्या मुलखात लग्नाला आलेल्या माणसाला नाव विचारायच्या आधी पाटावर बसवतात, हे काय सांगायला पाहिजे? बसवलं.

"वळखीचं कुनीच दिसंना," किशनकाका म्हणाले. "मी म्हनलं, लातूरकडचे असतील."

"आन ते म्हनले, हे नवरदेवाकडचे असतील," आजी म्हणाल्या. "म्हून तर मला दोनदा हुग्गी वाढली. गव्हाची खीर गं. तूप असं वरून, की वाटीत तोंड दिसावं."

"मग कळलं कधी?" आईनं विचारलं. तिला हसू आवरत नव्हतं. बाबांनाही नव्हतं, पण ते खात्यातले असल्यामुळे तोंड सरळ ठेवून होते.

"जेवून आहेर द्यायला वर चढले. बुद्धाची मूर्ती न्हाई, बाबासाहेबाचा फोटू न्हाई, वर एक स्वामी बसलेले. मी म्हनलं, वंदना कव्हा झाली? कुनी बोलंना. मग नवरीची हनुवटी धरून वर केली, तर नाकच येगळं! म्हनलं, तू कोन गं बाई? ती म्हनली, वर्षाराणी. तुमी कोन?"

क्रूझरभर माणसं पुन्हा एकदा हसली. लुंबिनीही हसली, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिला अजून कळलं नव्हतं ना.

"तो चन्नबसप्पा भला मानूस. आमी वशाळलो तर म्हनतो, आज्जी, लाजायचं काम न्हाई, जेवलेला पाहुना आमचाच. मग मी महामायासाठी नेलेलं निळ्या काठाचं लुगडं त्या पोरीच्या वटीत घातलं. लेकीच्या लग्नात जेवून रिकाम्या हातानं उठतंय का कुनी?"

"बरं केलंत," महामाया म्हणाली. ती दारात उभी होती. "आणि माझ्या लग्नाला, नागुमाय?"

आजींनी पदर सारखा केला. "माझं लगीन झालं बाई. कंबर हाय का लोखंड हाय? इतकी वाट बसून आले, पुन्यांदा न्हाई जमायचं. आन आहेर बी गेला." मग त्यांनी हळूच लुंबिनीकडं पाहिलं. आवाज चढवला नाही. त्यांनी ओरडायचं ते फक्त टाकीपाशी. "मी तर इचारलं होतं."

लुंबिनीनं किशनकाकांचा फोन मागून घेतला आणि पेज उघडलं. मराठी बटण दाबलेलं, सगळे शब्द मराठी. आणि मधोमध, सोनेरी, हे एवढ्ढं मोठं: 5/4.

तिनं आपला फोन शेजारी धरला. ४/५.

सेटिंग उघडली. भाषा: इंग्रजी, अमेरिका. दुकानातून आला तसाच फोन, कुणी कशाला बदलतंय? आणि अमेरिकेत महिना आधी, तारीख मागून. शब्द पेजनं बटणावरून घेतले होते, पण तारीख मात्र तिनं, लुंबिनी इंजिनियरनं, फोनच्या भरवशावर सोडली होती. डल्लासवाल्यानं 5/4 बरोबर मे महिन्याची वाचली. किशनकाकांनी एप्रिलची पाच वाचली, जशी कोणीही शहाणा माणूस वाचील.

"म्हंजे माझा फोन अमेरिकेचा हाय?" किशनकाकांना समजावल्यावर ते म्हणाले. "मी भोकरच्या फुडं चार वेळा गेलो नसंल, आन हा बेटा अमेरिकेला जाऊन आला!"

सगळे पुन्हा हसले. महामायाआत्या हसली नाही. रागावलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त आपल्या स्टेटसला ठेवलेली पेजची लिंक काढून टाकली. लुंबिनीनं ते पाहिलं आणि लॅपटॉप उघडला.

दुरुस्ती म्हणाल तर चहा उकळेपर्यंत झाली. आता तारीख फोनला न विचारता बटणाला विचारायची, महिना अक्षरात, वार आधी. "रविवार, ४ मे". ओळ मोडली तर मोडू दे. बीदरला ती कन्नडमधे दिसली, डल्लासला इंग्रजीत, कुठंच घोटाळा नाही. पण इस्लापूरला फोन केला की किशनकाकांचं एकच, "माय म्हनती, बगू." आणि नागुआजींचं "बगू" म्हणजे काय ते सगळ्या खानदानाला माहीत होतं.

आईनं साड्या दाखवल्या की आत्या "कोणतीही चालेल" म्हणायची. ज्या बाईला भेंडीसुद्धा निवडून घ्यायची सवय, ती "कोणतीही चालेल" म्हणते म्हणजे बघा!

चौदा एप्रिल आला. बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक निघाली, सगळं नांदेड निळं झालं. लुंबिनी नाचली, नाही म्हणून कोण म्हणतंय? पण नाचतानाच तिला एकदम आठवलं, जयंतीच्या आधी का मागून. मैत्रीण म्हणाली, "थांबलीस का गं मधेच?" लुंबिनी म्हणाली, "मला इस्लापूरला जायचंय."

किनवटच्या एसटीनं ती आणि बाबा इस्लापूरला पोचले. बाबा लगेच किशनकाकांबरोबर हळद पाहायला गेले. पुरुषांना अशा वेळी नेमकी हळद पाहायची असते. नागुआजी अंगणात हळकुंडं निवडत बसल्या होत्या. लुंबिनी समोर बसली आणि तीही निवडायला लागली.

"झालं का नीट तुझं ते पान?"

"झालं आजी. आता महिना अक्षरात आहे. वार पण आहे. रविवार, ४ मे."

"चांगलं हाय." एक हळकुंड इकडं, एक तिकडं. "पर मी काय इचारलं होतं?"

लुंबिनीची बोटं पिवळी झाली होती. "जयंतीच्या आधी का मागून."

"मग?"

"मागून, आजी. जयंती झाली की तिसरा आयतवार." ती एका दमात म्हणाली. "मला तेव्हाच सांगता आलं असतं. मला ठाऊक होतं. पण मला वाटलं, माझं पेज इतकं भारी, मग आता तोंडानं कशाला सांगायचं."

"हां," आजी म्हणाल्या. "किशननं पाच एप्रिल वाचलं तव्हाच मी म्हनलं, जयंतीच्या तोंडावर कोन लगीन धरतंय? सगळं गाव वर्गणी, मंडप, मिरवनुकीत. पर म्हनलं, शहरातले लोक, शिकलेली पोरगी, पानावर हाय म्हनती. आपुन कामून अडवा?"

लुंबिनी उठली. "आजी, टाकीपाशी रेंज येते ना?"

"येती. कामून?"

"डल्लासच्या माणसासाठी बटण आहे. बीदरच्या सायबांसाठी आहे. इस्लापूरचं नाही."

ती टाकीपाशी जाऊन लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. मागोमाग नागुआजी आल्या, ताडताड चालत. लुंबिनीनं त्यांच्या कमरेकडं एकदा पाहिलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. अक्कल अशी टप्प्याटप्प्यानं येते. आजींच्या मागं गल्लीतल्या बायका आल्या, आणि मग प्रत्येकीचं सुरू.

"काय करून राहिली गं?"

"तारीख करती म्हनं."

"तारीख काय करायची असती का? ती असतीच की!"

"माझं म्हायेर कंधारचं हाय. त्याचं बी एक बटन घाल."

दुनियेतल्या भाषांची यादी असते, पण तीत इस्लापूर नव्हतं. म्हणून हे लुंबिनीला आपल्या हातानं लिहावं लागलं. चौदा एप्रिल धरायची, तिथून लग्नाच्या दिवसापर्यंत आयतवार मोजत जायचे, आणि कितवा येतो ते शब्दांत मांडायचं. एकदा गणित चुकलं आणि "जयंतीनंतरचा दुसरा" आला. बायकांनी बोटांवर मोजून तो तिथंच खोडून काढला. मग चौथं बटण उमटलं: इस्लापूर. किशनकाकांना हाक मारून आणलं. त्यांनी आपला अमेरिकेचा फोन काढला, बटण दाबलं आणि मोठ्यानं वाचलं:

"जयंतीनंतरचा तिसरा आयतवार, ४ मे."

"हं," नागुआजी म्हणाल्या. "आता झाली ही तारीख."

"मग येताल ना आजी?"

आजींना एकाएकी आपली कंबर आठवली. त्यांनी तिच्यावर हात ठेवला. "बगू," त्या म्हणाल्या.

चार मेला अहमदपूरला ऊन असं की कार्यालयाच्या पत्र्यावर पापड भाजावेत. महामायाआत्या पांढऱ्या साडीत अशी दिसत होती की लुंबिनीला तिच्याकडं बघवतही नव्हतं आणि नजर हटवताही येत नव्हती. भंतेजी येऊन बसले. लातूरचे पाहुणे आले, बीदरचे साहेब आले, डल्लासचा चुलतभाऊ घाम पुसत आला. आत्या सगळ्यांना हसून नमस्कार करत होती आणि दर नमस्कारानंतर फाटकाकडं बघत होती. बाबा भंतेजींना म्हणाले, "पाच मिनिटं." मग परत जाऊन म्हणाले, "अजून पाच."

लुंबिनी फाटकाशीच उभी होती. रिक्षातून एक नवं जोडपं उतरलं. मुलीच्या अंगावर निळ्या काठाचं लुगडं, नवी घडी नुकतीच मोडलेली.

"या, या. नवरीकडचे का नवरदेवाकडचे?" लुंबिनीनं विचारलं.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. "आज्जीकडचे," मुलगी म्हणाली. "मी वर्षाराणी. हे वीरेश. अप्पांनी सांगितलंय, आज्जी आमच्यात जेवल्या, आता तुम्ही त्यांच्यात जेवून या."

लुंबिनीनं विचारलं, "तुम्हाला तारीख कुणी कळवली?"

"आज्जींनी लिंक पाठवली की. म्हणाल्या, चौथंच बटण दाबा, बाकीच्यांवर भरवसा न्हाई."

लुंबिनी तिथून जी पळत सुटली ती थेट स्टेजवर. आत्याच्या कानात ती काय म्हणाली ते कुणाला ऐकू गेलं नाही, पण आत्या पहिल्यांदाच फाटकाकडं न बघता हसली. आणि नेमक्या तेव्हाच रस्त्यावर क्रूझरचा हॉर्न वाजला.

माणसं उतरत राहिली. शेवटी नागुआजी उतरल्या, काखेत नवं लुगडं. दारात आनंदराजचे मामा हात जोडून उभे होते. ते लगबगीनं पुढं झाले. "या आजी, या! लांबून आलात. पंगत तयार आहे, आधी चार घास खाऊन घ्या."

आजींनी हातानंच त्यांना बाजूला सारलं.

"आधी नवरी दाखवा," त्या म्हणाल्या. "मग जेवन."